'गो', 'गम्' आणि 'वेंट'

प्रश्न असा: इंग्रजीतलं 'गो' हे क्रियापद संस्कृत 'गम्'चंच रूप ना? मग त्याचा भूतकाळ 'वेंट' कुठून आला?

नाही. 'गम्'चा सख्खा नातलग इंग्रजीत आहे, पण तो 'कम' (येणे). संस्कृत आणि इंग्रजी एकाच जुन्या भाषेतून निघाल्या, आणि इंग्रजी-जर्मन कुळात त्या मूळ भाषेतल्या 'ग'चा 'क' झाला. जर्मन भाषाअभ्यासक याकोप ग्रिम यांनी १८२२ मध्ये हे बदल नियमात बसवून दाखवले. आपली 'गो' म्हणजे गाय, ती तिकडे 'काउ'. 'जानु' म्हणजे गुडघा. इंग्रजी 'नी'च्या स्पेलिंगमध्ये आधी मुका 'के' उभा असतो तो त्याचाच. जर्मन लोक अजून 'क्नी' म्हणतात. त्याच नियमाने 'गम्'ला शोधायचं तर 'क'च्या घरात: इंग्रजी 'कम', जर्मन 'कोमेन'. अर्थ उलटा वाटतो, पण मूळ धातूत पाऊल टाकणं एवढंच आहे. 'गमन' आणि 'आगमन' आपणही एकाच धातूवर चालवतो.

मग इंग्रजी 'ग' संस्कृतात कुठे? बहुधा 'ह' किंवा 'घ'मध्ये. 'हंस' तिकडे 'गूस' होतो. 'गो'चं नातंही 'हा' (जिहीते, म्हणजे निघतो) या धातूशी लावतात.

आता 'वेंट'. जुन्या इंग्रजीत जाणे म्हणजे 'गान' आणि गेला म्हणजे 'एओदे'. म्हणजे जोडी तेव्हाही विजोडच होती. 'वेंड' (वळणे, वाट धरणे) हे वेगळं क्रियापद, त्याचा भूतकाळ 'वेंट', जसं सेंड-सेंट, बेंड-बेंट. पंधराव्या शतकाच्या सुमारास 'गो'ने हा 'वेंट' पळवला आणि 'एओदे'ची पुढची रूपं मागे पडली. बिचाऱ्या 'वेंड'ला मग 'वेंडेड' असा नवा भूतकाळ करून घ्यावा लागला. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र 'गेड' असं 'गो'पासूनच केलेलं रूप आहे.

यावरून इंग्रजीला वेडंवाकडं म्हणण्यात अर्थ नाही. आपलं 'जातो' आलं 'या' धातूपासून (याति, प्राकृतात जाइ), आणि 'गेला' आला 'गम्'च्या 'गत'पासून, पुढे 'ल' प्रत्यय लागून. म्हणजे 'गेला'चा दूरचा भाऊ इंग्रजीत 'कम' निघतो. 'येतो-आला'चीही तीच गत: 'येतो' हा 'एति'कडून, 'आला' हा 'आगत'कडून.