मॉड्यूलर प्रकल्पात डॉक्युमेंटेशन एकाच फोल्डरमध्ये ठेवावे की प्रत्येक मॉड्यूलजवळ?

एका रेपोत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) अनेक मॉड्यूल, म्हणजे स्वतंत्र भाग, आहेत, सगळे डॉक्स रेपोच्या मुळाशी एकाच फोल्डरमध्ये आहेत आणि ते सतत कोडच्या मागे पडतात. ते मॉड्यूलमध्ये हलवावेत का, असा तुमचा प्रश्न आहे. हलवा, पण सरसकट नको.

प्रत्येक पानाबद्दल विचारा: कुठला कोड बदलला की हे पान चुकीचे ठरेल? एकाच मॉड्यूलचा असेल, तर पान त्या मॉड्यूलच्या डॉक्स फोल्डरमध्ये. सेटिंग्ज आणि एरर मेसेज समजावणारी पाने बहुधा इथे येतात. कोड आणि पान एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मंजुरीसाठी पाठवण्याच्या विनंतीत) बदलता येतात आणि रिव्ह्यू करणाऱ्याला पान राहून गेलेले लगेच दिसते. इन्स्टॉलेशन, एकूण रचना, नवशिक्यासाठीची ओळख अशी अनेक मॉड्यूलना स्पर्श करणारी पाने मुळाशीच राहू द्या. एखाद्या फंक्शनची माहिती कोडमधल्या कॉमेंटमध्ये लिहा आणि संदर्भ-पाने बिल्डमध्ये, म्हणजे साइट आपोआप तयार होताना, बनवून घ्या. ते तयार एचटीएमएल कमिट करू नका, नाहीतर मर्ज करताना (दोघांचे बदल एकत्र करताना) विनाकारण कॉन्फ्लिक्ट येत राहतील.

वाचकाला तुमच्या फोल्डरांशी देणेघेणे नसते. म्हणून साइटचा मेनू फोल्डरवरून आपोआप बनवू नका. मुळाशी एका फाइलमध्ये हाताने लिहा. थोडे कंटाळवाणे आहे, पण 'मला हे काम करायचे आहे' अशा क्रमाने पाने लावता येतात.

आता पानांपासून साइट बनवणारी टूल्स: स्फिंक्स, एमकेडॉक्स आणि अँटोरा. स्फिंक्सला सोर्स डिरेक्टरीबाहेरची पाने अनुक्रमणिकेत घेता येत नाहीत. तेव्हा रेपोचे मूळच सोर्स डिरेक्टरी ठरवा आणि नको असलेले फोल्डर वगळण्याच्या यादीत टाका. एमकेडॉक्सही मुळात एकच फोल्डर वाचते. अनेक फोल्डरांसाठी त्याला मोनोरेपो नावाचे प्लगइन लागते. अँटोरा अनेक ठिकाणची पाने गोळा करण्यासाठीच बनलेले आहे, मात्र लिखाण अॅस्कीडॉक या मजकूर-स्वरूपात करावे लागते.

सर्वात जास्त मोडतात त्या लिंक. मॉड्यूलचे नाव बदलले की सापेक्ष पाथ (एका फाइलपासून दुसरीचा पत्ता) तुटतात. स्फिंक्समध्ये पाथऐवजी लेबल (पानातल्या जागेला दिलेले नाव) वापरा. लेबले साऱ्या प्रकल्पात सामाईक असतात, म्हणून प्रत्येकाआधी मॉड्यूलचे नाव जोडा. नाहीतर 'सेटिंग्ज' नावाची चार लेबले आपसात भांडतील. सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) इशाऱ्यांना एरर मानून बिल्ड चालवा. स्फिंक्समध्ये अनुक्रमणिकेत नसलेले पानही त्यात पकडले जाते. एमकेडॉक्सचा स्ट्रिक्ट मोड (इशारा आला की बिल्ड थांबवणारा) मेनूतून सुटलेल्या पानावर मुळात अडत नाही, आवृत्ती 1.5 पासून त्यासाठी व्हॅलिडेशनची वेगळी सेटिंग आहे, ती चालू करा.

उदाहरणांचा कोड पानात चिकटवू नका. चालणाऱ्या टेस्ट-फाइलमधून तुकडा खेचा, तोही ओळींच्या क्रमांकाने नव्हे, तर सुरुवात-शेवटाच्या खुणांनी. वर एक इम्पोर्ट वाढला की क्रमांक सरकतात आणि भलताच तुकडा छापला जातो. बिल्ड मात्र हिरवी, म्हणजे यशस्वी, राहते. रस्टमध्ये कॉमेंटमधली उदाहरणे कार्गो टेस्ट या आज्ञेबरोबर आपोआप तपासली जातात, पायथनमध्ये त्याच कामासाठी डॉकटेस्ट आहे.

हलवताना एक कमिट निव्वळ स्थलांतराचा ठेवा, मजकुरातल्या दुरुस्त्या पुढच्या कमिटमध्ये. गिट नाव बदलल्याचे फाइलमधल्या साम्यावरून ओळखते. दोन्ही एकत्र केल्यास जुना इतिहास तुटलेला दिसू शकतो.