जन्म पुण्याचा, पत्नीचा मस्कतचा: ग्रीन कार्डची रांग कोणती?

प्रश्न असा आहे: तुमचा जन्म पुण्यात, पत्नीचा मस्कतमध्ये, दोघांचे पासपोर्ट भारतीय, ईबी-२ मध्ये (उच्चशिक्षितांसाठीची नोकरीवर आधारित ग्रीन कार्डची श्रेणी) तुमचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला अर्ज) मंजूर. कॅनडाचं नागरिकत्व घेतलं तर अमेरिकेतली रांग बदलेल का?

नाही. कोट्यासाठी पासपोर्ट बघत नाहीत, जन्म कुठे झाला ते बघतात. गोव्यात जन्मून पोर्तुगीज पासपोर्ट काढलेला माणूससुद्धा भारताच्याच रांगेत असतो. पण हुकमाचा पत्ता तुमच्याकडे आहे: पत्नीचा जन्म.

आधी आकडे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला किमान १,४०,०००. ईबी-२ चा वाटा २८.६ टक्के, म्हणजे ४०,०४०. एका देशाला ७ टक्के, म्हणजे ईबी-२ मध्ये साधारण २,८००. भारताला तेवढंच आणि आइसलँडलाही तेवढंच. त्यात बायको-मुलंही मोजतात, त्यामुळे मुख्य अर्जदार त्याहून बरेच कमी. इतरांचं उरलेलं कधीकधी भारताच्या वाट्याला येतं, पण त्या भरवशावर बेत आखू नका.

आता तुमचं. पती-पत्नीपैकी कुणाचाही जन्मदेश अर्जासाठी वापरता येतो. याला क्रॉस-चार्जेबिलिटी म्हणतात. प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, तुमचीच राहते, फक्त रकाना बदलतो. व्हिसा बुलेटिनमध्ये (कुठल्या तारखेपर्यंतच्या लोकांची पाळी आली ते सांगणारं अमेरिकन सरकारचं मासिक पत्रक) ओमानचा वेगळा रकाना नसतो, 'ऑल चार्जेबिलिटी एरियाज' हा बघायचा. तोही नेहमी 'सी' (करंट, म्हणजे थांबायची गरज नाही) असतोच असं नाही, २०२२ च्या अखेरीस ईबी-२ मध्ये तिथेही तारीख लागली होती. शिवाय 'फायनल ॲक्शन' (ग्रीन कार्ड मिळण्याच्या तारखा) की 'डेट्स फॉर फायलिंग' (अर्ज भरायच्या तारखा), कुठला तक्ता चालेल हे यूएससीआयएस (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) दर महिन्याला जाहीर करते. अर्ज भरायच्या महिन्यात तेही पाहा.

आय-१४० मध्ये काही बदलावं लागत नाही. तुमचा आणि पत्नीचा आय-४८५ (अमेरिकेत राहून ग्रीन कार्ड मागायचा शेवटचा अर्ज) एकत्र पाठवा. कव्हर लेटरच्या अगदी वरच क्रॉस-चार्जेबिलिटीची मागणी ठळक लिहा, सोबत लग्नाचा दाखला आणि पत्नीचा ओमानी जन्मदाखला, अरबीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह. मागणी ठळक नसली की अर्ज भारताच्या तारखेवर तपासला जाऊन परत येण्याची भीती असते. कंपनीचे वकील सरसकट 'इंडिया' धरून चालतात, ते विचारतील म्हणून वाट बघू नका.

अडतं कुठे? आखातात जन्मलेल्या बऱ्याच जणांच्या पासपोर्टवर आईवडिलांनी जन्मस्थळ म्हणून गावचं नाव घातलेलं असतं. दाखला मस्कतचा आणि पासपोर्ट साताऱ्याचा, असं असेल तर अर्जाआधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. नाहीतर अधिकारी पुरावे मागणार आणि महिने जाणार.

दुसरं, पत्नीच्या जन्मदेशावर जाताय तर ग्रीन कार्ड दोघांना एकाच वेळी मिळायला हवं. 'आधी माझं होऊ दे, तिचं मागून बघू' हे इथे चालत नाही. पत्नीकडे आधीच ग्रीन कार्ड असतं तर हा मार्गच बंद होता.

मुलांचं उलटं आहे: मूल आईबापांचा जन्मदेश वापरू शकतं, आईबाप मुलाचा नाही. त्यामुळे मुलगी टोरंटोत जन्मली तरी तुमच्या रांगेला त्याचा उपयोग शून्य.