‘सुमारे दीडशे’ म्हणजे कोण?

प्रिय बाय,

तुझं पत्र मिळालं, सोबतचा सहा पानी अहवालही मिळाला. पत्र दोनदा वाचलं. अहवाल एकदाच, आणि तोही चिडत.

चर्चच्या कौन्सिलच्या मीटिंगमध्ये तुला सुनावलं गेलं, की आपल्या पोरांना नोकऱ्या नाहीत आणि ही नेपाळ्यांच्या पोरांना शिकवत बसते. बाहेर पडलीस तर नाक्यावर वेगळीच कुजबुज, की चर्चच्या हॉलात वर्ग चालतो म्हणजे धर्मांतरच चाललं असणार. त्यात दिल्लीच्या नोकरीचं बोलावणं. आता मासेमारीची बंदी संपत आली, 1 ऑगस्टला होड्या सुटतील, पोरं परत येतील आणि तू विचारतेस, वर्ग सुरू करू की सोडून देऊ.

मला खुपली ती अहवालातली तिसऱ्या पानावरची ओळ. ‘बंदरात सुमारे दीडशे नेपाळी व झारखंडी खलाशी आहेत.’ काय गो, सुमारे? अख्खा हंगाम त्यांच्यात वावरलीस, त्यांच्या हातचा चहा प्यायलीस, आणि लिहिताना सुमारे? ‘सक्षमीकरण’ हा शब्द मात्र अकरा वेळा आलाय, मी मोजला. नाव एकही नाही.

आधी नाव. पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा. बाकीचं नंतर.

तू म्हणशील, म्हाताऱ्याचं नेहमीचं पालुपद. आहेच. पण ते कुठून आलं ते तुला कधी सांगितलं नव्हतं.

ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा मी तिथे होतो. सत्तावीस वर्षांचा, एका गोदामात कारकून. बगदादवरून जॉर्डनच्या सीमेवर पोचलो तेव्हा अंगावर एक शर्ट, आणि पासपोर्ट मालकाच्या कपाटात राहिलेला. वाळवंटात तंबू, पाण्यासाठी रांगा, दुपारी वारा सुटला की तोंडात रेती. त्या दिवसांत मी कोण होतो? बातम्यांच्या हिशेबात ‘सुमारे’ होतो. आमच्या तंबूंमध्ये केरळची एक नर्स होती, तीही अडकलेलीच. ती शाळेच्या वहीत नावं लिहायची. माझं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं, गाव विचारलं, आणि मग म्हणाली, तालुका? त्या वाळवंटात मला माझा तालुका विचारणारी ती एकटीच. तिच्या वहीतून यादी झाली, यादीतून अम्मानच्या विमानात जागा. कर्ण्यावर माझ्या आडनावाचा पार चुथडा केला होता, तरी मी ओळखलं आणि धावलो.

आता पुढचं ऐक, म्हणजे मी तुझ्यावर का खेकसतो ते कळेल.

सात वर्षांनी, 1997 च्या ऑगस्टमध्ये, आपल्याच बंदरात एक नेपाळी पोरगा रात्री होडीवरून पडला. खाडीच्या तोंडाशी लाटा अजून मोठ्या होत्या. दोन दिवसांनी पुळणीवर मिळाला. पंचनाम्याला मी उभा होतो. हवालदाराने नाव विचारलं, होडी चालवणारा तांडेल म्हणाला, बहादूर. आडनाव? बहादूरच. पत्ता? नेपाळ. ‘अकस्मात मृत्यू, बहादूर, वय अंदाजे 20’ असं लागलं कागदावर. त्या पोराला मी नाताळात नेवऱ्या दिल्या होत्या, माझा जुना स्वेटर दिला होता, ताप आला तेव्हा पेज नेऊन दिली होती. हाक मात्र बहादूर म्हणूनच मारायचो, सगळ्यांसारखी. बंदरावर सात जण बहादूर होते.

1923 चा कामगार भरपाईचा कायदा तेव्हा होता. पण भरपाई मिळायची वारसाला, आणि ज्याला नाव नाही त्याला वारस कुठला? मालक म्हणाला, उचल घेऊन बसला होता, हिशेब उलट माझाच बाकी आहे. त्या मालकाने त्याच वर्षी चर्चच्या छपराला पत्रे दिले होते. कौन्सिलमध्ये विषय निघाला. सेक्रेटरी मी. इतिवृत्तात मी दोन शब्द लिहिले: ‘चर्चा झाली.’

तू मला भित्रा म्हणशील. म्हण. पण त्या पत्र्यांखाली तुझं फर्स्ट कम्युनियन झालंय, हेही लक्षात ठेव. मालकाला दुखवलं असतं तर बाकीच्या सहा जणांना दुसऱ्या दिवशी होडीवरून उतरवलं असतं, आणि त्यांना ठेवायला माझ्याकडे काय होतं? हे मी स्वतःला इतकी वर्षं सांगतोय. खरंही आहे ते. पण मी लिहिलं ‘चर्चा झाली’ हेही खरंच आहे.

पुढच्या हंगामात एक माणूस फोटो घेऊन आला. नेपाळच्या कैलाली जिल्ह्यातला, पुतण्याला शोधत. फोटोत शाळेच्या गणवेशातला पोरगा, केस पाण्याने चापून बसवलेले. आमच्या पोराला मिशी फुटलेली होती. काकाने नाव सांगितलं. ते जुळवून बघायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मी म्हटलं, माहीत नाही. तो मिरकरवाड्याच्या बंदराला जातो म्हणून रत्नागिरीच्या एसटीत बसला. आणि बाय, त्याने सांगितलेलं नाव मी तेव्हाही लिहून घेतलं नाही.

तेव्हा पोप फ्रान्सिस यांची चार क्रियापदं (स्वागत, रक्षण, उन्नती, सामावून घेणं) तू अहवालाच्या पहिल्या पानावर टाकलीस, छान केलंस, पण स्वागत कोणाचं? फ्रान्सिस पोप झाल्यावर रोमबाहेरच्या पहिल्या अधिकृत दौऱ्यावर गेले ते 8 जुलै 2013 ला, इटलीच्या, लांपेदुसा बेटावर, बुडालेल्यांसाठी मिस्सा करायला. तीन महिन्यांत, 3 ऑक्टोबरला, त्याच बेटाजवळ बोट बुडाली आणि साडेतीनशेहून जास्त माणसं गेली. शवपेट्यांचे फोटो बघ एकदा. पेट्यांवर आकडे आहेत.

तुला ‘बाजू मांडण्याचं’ काम करायचंय, म्हणून दिल्ली. जेझुइट संघाचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो आरूपे यांनी व्हिएतनामहून होड्यांतून पळणाऱ्यांची हालत बघून 14 नोव्हेंबर 1980 ला जेझुइट रेफ्युजी सर्व्हिस सुरू केली. ती संस्था आपलं काम तीन शब्दांत सांगते: सोबत, सेवा, मग बाजू मांडणं. क्रम बघ गो. सोबत आधी. ज्याच्याबरोबर ठाण्यात, पंचायतीत, शाळेच्या ऑफिसात बाकड्यावर बसली नाहीस, त्याची बाजू कसली मांडतेस?

दिल्लीला जा, मी अडवत नाही. 1951 च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. तिथे म्यानमारहून आलेल्या माणसाच्या हातात असतं ते संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संघटनेचं कार्ड, आणि त्यावर नाव. ते चुकीचं लिहिलं तर त्याचे काय हाल होतात ते तुला तिथे दिसेलच. पण ‘इथे खरे निर्वासित नाहीत’ असं लिहू नकोस. देवगडच्या बागेत मांगरात राहून दुसऱ्याचे आंबे राखणारा माणूस आपल्या घरी का नाही, हे त्याला विचारलंयस?

आणि नाक्यावरच्यांना घाबरू नकोस, त्यांना उत्तरही देत बसू नकोस. वर्गात प्रार्थना घेऊ नकोस, क्रॉससुद्धा वाटू नकोस. पोरं त्यांच्या दशैं सणाचा टिळा लावून येतात, तशीच येऊ देत. दार उघडं ठेव, कोणीही आत येऊन बघावं. कौन्सिलवाल्यांना मात्र माझ्यातर्फे विचार, तुमचे आजोबा जहाजावर जायच्या आधी धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक खोल्यांत, ट्रंक ठेवून महिनोन्‌महिने पडायचे, तेव्हा मुंबईत त्यांना काय म्हणत होते? माझे आजोबा तिथलेच. ‘मी परका होतो’ हे मत्तयाचं वाक्य आपण दरवर्षी ऐकतो आणि त्यातला ‘मी’ नेहमी दुसराच कोणीतरी धरतो.

बायबलवरून आठवलं. ‘निर्गम’ हे पुस्तक म्हणजे परमुलखात राबणाऱ्या मजुरांचीच गोष्ट. हिब्रूत त्या पुस्तकाला ‘शमोत’ म्हणतात. शमोत म्हणजे नावं. सुरुवातच यादीने होते, कोण कोण मिसरात आले त्याची. आपल्या फादरनी मला हे सांगितलं तेव्हा मी साठीला पोचलो होतो. उशीरच झाला.

कामाचं सांगतो. नेपाळ्यांना 1950 च्या तहाने इथे राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. हे तांडेलाला माहीत नसतं आणि कधी कधी ठाण्यालाही. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला पोर नाकारता येत नाही, 2009 चा शिक्षण हक्क कायदा तसं स्पष्ट सांगतो. ‘नागरिकता’ म्हणून त्यांचं कार्ड असतं, त्यावरचं स्पेलिंग तसंच उतरव, आपल्या मनाने सुधारू नकोस. घरचा फोन नंबर दोघांचा घे, एकाचा बंद असतो. फोटोत चेहरा समोरून हवा, आणि दर हंगामाला नवा. मिशा फुटतात.

माझी वही न्यायला 31 तारखेच्या आत ये. 1998 पासूनची नावं आहेत तिच्यात, दुसऱ्या पानापासून. पहिलं पान कोरं आहे, त्यावर काही लिहू नकोस. आणि शाईचं पेन नेऊ नकोस जेट्टीवर, खाऱ्या हवेत अक्षरं पसरतात. बॉलपेन ने.

तुझा,
अंकल