सफारीतून फायरफॉक्समध्ये जाताना ‘फुल डिस्क अ‍ॅक्सेस’ द्यायचा का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मॅकवर सफारीतले बुकमार्क, हिस्टरी आणि पासवर्ड फायरफॉक्समध्ये न्यायचे आहेत. एका व्हिडिओत बघून तुम्ही फायरफॉक्सला मॅकवरचा जवळपास सगळा डेटा वाचू देणारी परवानगी, म्हणजे फुल डिस्क अ‍ॅक्सेस दिला, काम झालं, आणि आता मनात धाकधूक आहे की हे बरोबर केलं का, आणि चालू ठेवायचं की नाही.

बंद करा. आत्ताच. त्याची मुळात गरजच नव्हती. मात्र घाबरून पासवर्ड बदलत सुटण्यासारखंही काही घडलेलं नाही.

आधी ही परवानगी आली कुठून ते सांगतो. 2018 साली आलेल्या मॅकओएसच्या मोहावी आवृत्तीपासून ॲपलने होम फोल्डरमधल्या काही जागा बाकीच्या प्रोग्रामांना बंद केल्या. लायब्ररीतला सफारीचा फोल्डर त्यातलाच. त्याआधी तुमच्या लॉगिनखाली चालणारा कुठलाही प्रोग्राम तुमची हिस्टरी गुपचूप वाचू शकत होता. आता तुमचं खातं अ‍ॅडमिनचं असलं तरी त्याने काही फरक पडत नाही, दार बंदच. म्हणून जुने लेख वाचून लोक ‘इम्पोर्ट’ दाबतात, काहीच येत नाही, मग शोधता शोधता फुल डिस्क अ‍ॅक्सेसपाशी पोचतात.

त्या पानावर वर काय लिहिलंय ते बहुतेक जण वाचत नाहीत. मेल, मेसेजेस, सफारी आणि होम या अ‍ॅप्सचा डेटा, टाइम मशीनचे बॅकअप आणि त्या मॅकवरच्या सगळ्या वापरकर्त्यांची काही प्रशासकीय सेटिंग्ज, एवढं सगळं त्या एका बटणात येतं. म्हणजे बँकेला आधारची एक झेरॉक्स हवी होती आणि तुम्ही घरच्या कागदपत्रांची अख्खी फाईल काउंटरवर ठेवून आलात. बरं, तिथे ‘फक्त आजच्यापुरतं’ असा पर्यायही नाही. तुम्ही स्वतः जाऊन काढेपर्यंत ती परवानगी राहते.

फायरफॉक्सवर माझा अविश्वास नाही, मी स्वतः तोच वापरतो. पण ब्राउझर हा असा प्रोग्राम आहे की दिवसभर अनोळखी लोकांनी लिहिलेला कोड आणून चालवणं हेच त्याचं काम. वेबपानं वेगळ्या बंदिस्त प्रक्रियेत चालतात, त्यामुळे कुठली साइट उठून तुमचे मेसेजेस वाचेल असं होत नाही. पण उद्या ब्राउझरमध्ये एखादं गंभीर भगदाड सापडलं, तर त्या बंदिस्त जागेबाहेर पडलेल्या कोडला पुढे ॲपलची ही दुसरी भिंत आडवी येते. ती तुम्ही आपल्या हाताने पाडलेली असते. बॅकअपच्या सॉफ्टवेअरला किंवा अँटीव्हायरसला ही परवानगी देणं समजू शकतं, त्यांचं कामच ते आहे. ब्राउझरला नाही.

काढायची कशी: सिस्टीम सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, फुल डिस्क अ‍ॅक्सेस. तिथे फायरफॉक्ससमोरचं बटण बंद करा, किंवा नाव निवडून खालच्या वजाच्या चिन्हाने यादीतूनच उडवा. मॅक तुम्हाला फायरफॉक्स बंद करून पुन्हा उघडायला सांगेल, तसं करा, नाहीतर चालू असलेल्या फायरफॉक्सला तो बदल लागू होत नाही. यादी उघडलीच आहे तर बाकीची नावंही बघून घ्या. कधीतरी काढून टाकलेली अ‍ॅप्स तिथे ठाण मांडून बसलेली सापडतात. टर्मिनल (कमांड टाइप करून मॅक चालवायचं अ‍ॅप) दिसलं आणि ते तिथे का आहे ते आठवत नसेल, तर आधी त्याला घालवा. टर्मिनलला ही परवानगी असली की त्यात चिकटवलेल्या प्रत्येक कमांडला ती मिळते. मॅक ऑफिसचा असेल आणि बटण फिकट दिसून हलत नसेल, तर ते ऑफिसच्या आयटीवाल्यांनी लावलेलं आहे, त्यांनाच विचारा.

आता सरळ रस्ता. नव्या फायरफॉक्समध्ये ‘इम्पोर्ट ब्राउझर डेटा’ घेऊन सफारी निवडलं की तो तुम्हाला सफारीचा फोल्डर दाखवून ‘ओपन’ दाबायला सांगतो. सगळी गंमत या ‘ओपन’मध्ये आहे. फाईल निवडायची ती खिडकी सिस्टीमची असते. तिच्यातून तुम्ही स्वतः एखादा फोल्डर उघडून दिलात, तर ती तुमची संमती धरली जाते आणि तेवढा फोल्डर त्या अ‍ॅपला मिळतो. मेल नाही, मेसेजेस नाहीत, बॅकअप नाहीत. बुकमार्क आणि हिस्टरी एवढ्यावर येतात.

ब्राउझर दुसरा असेल आणि तो असा फोल्डर न मागता थेट पूर्ण डिस्कच मागत असेल, तर त्याच्या नादी लागू नका. सफारीच्या फाइल मेन्यूतून बुकमार्कची एचटीएमएल फाईल काढा आणि नव्या ब्राउझरला ती द्या. क्रोम, एज, फायरफॉक्स सगळ्यांना ती चालते. मराठी नावाचे बुकमार्कही नीट येतात. मॅकओएस सिकोयाच्या 15.2 या आवृत्तीपासून सफारीत ‘एक्सपोर्ट ब्राउझिंग डेटा’ असा पर्याय आहे, त्यात बुकमार्क, हिस्टरी, पासवर्ड, कार्डांची माहिती असं सगळं एका झिपमध्ये मिळतं. सोय आहे, पण जे लागेल तेवढ्याचीच टिकमार्क ठेवा. कार्डं तर नकोच, ती हाताने पुन्हा टाका.

पासवर्डचं प्रकरण वेगळं, आणि खरा धोका मला तिथे जास्त दिसतो. सिकोयात पासवर्ड्स अ‍ॅपच्या फाइल मेन्यूतून, त्याआधीच्या मॅकमध्ये सफारीतून, तुम्हाला सीएसव्ही मिळते. ती साधी मजकुराची फाईल आहे, कुलूप नाही, काही नाही. त्यात शेवटी ‘ओटीपीऑथ’ नावाचा रकाना असतो. तुम्ही दुसऱ्या टप्प्याचे सहा आकडी कोड ॲपलकडेच ठेवले असतील, तर ते कोड बनवायचं गुपितही तिथे उघडं पडलेलं असतं. पासवर्ड आणि त्याच्यावरचा पहारेकरी, दोघं एकाच ओळीत! फायरफॉक्सला त्या रकान्याचा उपयोगही नाही, तो कोड बनवत नाही. म्हणून जुन्या जागचे कोड घाईने पुसू नका. पासकीही (पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने वगैरे लॉगिन करायची सोय) सीएसव्हीत येत नाहीत, त्या ॲपलकडेच राहतात आणि मॅकवरचा नवा फायरफॉक्स त्या तिथूनच वापरू शकतो.

ही फाईल डेस्कटॉपवर ठेवू नका. पुष्कळांचे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आयक्लाउडला जोडलेले असतात. तुम्ही पाच मिनिटांत पुसलीत तरी ती वर जाऊन पोचलेली असते आणि ‘रीसेंटली डिलीटेड’मध्ये 30 दिवसांपर्यंत पडून राहू शकते. डाउनलोड्समध्ये ठेवा, टाइम मशीनची डिस्क त्या वेळी काढून ठेवा, आयात झाली की फाईल पुसून ट्रॅशही रिकामा करा. आणि ‘जरा बघू’ म्हणून एक्सेलमध्ये उघडून सेव्ह तर मुळीच करू नका. 0 ने सुरू होणारा पिन शून्य गमावतो, लांबलचक आकडे भलत्याच रूपात जातात, शेऱ्यात मराठी लिहिलं असेल तर त्याचा चिखल होतो. मग लॉगिन होत नाही म्हणून नव्या ब्राउझरला शिव्या.

क्रोममधून आणायचं असेल तर वेगळीच खिडकी येते: ‘क्रोम सेफ स्टोरेज’साठी किचेनचा (मॅकच्या पासवर्डांच्या तिजोरीचा) पासवर्ड मागणारी. ही खरी आहे, क्रोमचे पासवर्ड ज्या चावीने बंद केलेले असतात ती चावी किचेनमध्ये असते. आयात तुम्हीच सुरू केली असेल तर ‘अलाउ’ म्हणा, ‘ऑलवेज अलाउ’ नको. चुकून ते दाबलं गेलं असेल तर किचेन अ‍ॅक्सेसमध्ये ती नोंद शोधून ‘अ‍ॅक्सेस कंट्रोल’मधून दुसऱ्या ब्राउझरचं नाव काढता येतं. आणि तुम्ही काहीच करत नसताना ही खिडकी उगवली, तर ‘डिनाय’.

विंडोजवाल्यांसाठी दोन वाक्यं, कारण घरात दुसरा लॅपटॉप विंडोजचा आहे असं तुम्ही लिहिलंय. तिथे क्रोमने 2024 मध्ये, आवृत्ती 127 पासून, आपला साठा दुसऱ्या प्रोग्रामांना वाचता येऊ नये असं कुलूप लावायला सुरुवात केली, आधी कुकीजना (साइटवरचं लॉगिन वगैरे लक्षात ठेवणाऱ्या नोंदींना). त्यामुळे क्रोममधले पासवर्ड आपोआप येत नसतील तर बिघाड समजू नका, सीएसव्हीने आणा. एजमध्ये मात्र आयातीच्या सेटिंग्जमध्ये ‘दर वेळी उघडताना दुसऱ्या ब्राउझरचा डेटा आणा’ अशा अर्थाचं एक बटण असतं, ते बंद आहे ना बघा.

शेवटचं: कॅमेरा, माइक, स्क्रीन दाखवणं, सिकोयात घरच्या नेटवर्कवरची उपकरणं शोधणं, या सगळ्यासाठी मॅक फायरफॉक्सला नव्याने विचारणार आहे, आणि प्रत्येक साइटही वेगळं विचारणार आहे. सफारीत दिलेल्या या परवानग्या इकडे येत नाहीत. पहिल्याच दिवशी सगळ्यांना हो म्हणून मोकळं होऊ नका. व्हिडिओ कॉल लागेल तेव्हा कॅमेरा द्या, स्क्रीन दाखवायची वेळ येईल तेव्हा ते द्या. घरच्या नेटवर्कचं राउटरचं पान किंवा प्रिंटर उघडायचा नसेल तर ‘डोन्ट अलाउ’ केल्याने काही अडत नाही, पुढे लागलं तर त्याच प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या पानावर चालू करता येतं.