ग्रामपंचायत म्हणते ‘दिव्यांगांचा निधी आलाच नाही’. कायदा असून मग उपयोग काय?

तुम्ही लिहिलंय की बहिणीकडे 60 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आहे, दोन वर्षं ग्रामपंचायतीत खेटे घालताय आणि दर वेळी एकच उत्तर मिळतं: ‘वरून निधी आलेला नाही.’

मी सेवानिवृत्त ग्रामसेवक आहे. (आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.) हे उत्तर मी स्वतःही लोकांना दिलेलं आहे, म्हणून त्यातली मेख सांगतो. हा निधी वरून येतच नाही. तो तुमच्या गावातच असतो. तुम्ही भरलेल्या घरपट्टीत, पाणीपट्टीत, बाजार लिलावात, गाळ्यांच्या भाड्यात. ग्रामपंचायतीच्या या स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे, असा शासनाचा आदेश आहे. पूर्वी हे 3 टक्के होते. 2016चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला, 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला आणि त्यानंतर 3चे 5 झाले. मागासवर्गीयांसाठी 15 टक्के, महिला व बालकल्याणासाठी 10 टक्के, तसेच हे 5. वित्त आयोगाचे पैसे यात धरत नाहीत, त्यामुळे ते आले की रखडले याचा इथे संबंध नाही.

आता रक्कम किती होते ते पाहा. समजा वर्षाची करांची मागणी (म्हणजे वसूल व्हायला हवी ती रक्कम) साडेपाच लाखांची आहे आणि मार्चअखेर वसूल झाले 2,80,000. त्याचे 5 टक्के म्हणजे 14,000 रुपये. गावात नोंदलेले दिव्यांग 28. माझ्या एका गावात अगदी असंच होतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, ऑडिटला शेरा नको म्हणून, आम्ही सरळ भागाकार केला आणि प्रत्येकी 500 रुपयांचे चेक काढले. कार्यालयाला चार पायऱ्या. तीनचाकीवाले तिघे खालीच थांबले, सरपंच पायरीवर उभे राहिले, चेक वरून खाली दिले, फोटो काढला. एका अंध आजोबांनी चेक बोटांनी चाचपला आणि म्हणाले, ‘भाऊसाहेब, बँकेत जाऊन यायला रिक्षाचेच दोनशे जातील.’ कागदावर मात्र आमचा खर्च 100 टक्के होता.

पुढच्या वर्षी त्याच पायऱ्यांना रॅम्प केला. प्रमाण असं की एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी हवी. आमच्याकडे जागा सहा फूट, चढ अडीच फूट. पोरं त्यावरून घसरगुंडी खेळायची. तेव्हा मला ते हसण्यावारी वाटलं होतं. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना इमारती-सोयी सहज वापरता याव्यात यासाठीचे निकष नुसते मार्गदर्शक असून चालणार नाहीत, सक्तीचे हवेत, आणि याच कायद्याखालच्या 2017च्या नियमांतला, या निकषांबाबतचा नियम 15 कायद्याशी विसंगत ठरवला. तो निकाल वाचताना आधी तो रॅम्पच डोळ्यांसमोर आला.

तुम्ही विचारलंय तो ‘कायद्याचा उपयोग’ दोन प्रकारचा आहे आणि लोक तिथेच घोळ करतात. भेदभावापासूनचं संरक्षण, 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण, सरकारी नोकरीत किमान 4 टक्के, उच्च शिक्षणात किमान 5 टक्के आरक्षण, हे हक्क आहेत. यातल्या शिक्षणाला आणि आरक्षणाला किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. बहिणीचं 60 आहे, तो प्रश्न नाही. हे हक्क तिजोरीत पैसे आहेत की नाहीत यावर टांगलेले नाहीत. पैशांचं तसं नाही. सामाजिक सुरक्षेच्या कलम 24 मध्ये ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असे शब्द आहेत. त्याच कलमात असंही आहे की दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान 25 टक्के जास्त मदत द्यावी. तरीही 2023 मध्ये संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे 1,000चे 1,500 झाले ते सगळ्यांना सरसकट. दिव्यांगांसाठी वेगळे 2,500 व्हायला 2025 उजाडलं. तोवर आमच्या नोंदवहीवरच्या ‘अपंग’ शब्दावर ‘दिव्यांग’ची चिठ्ठी चिकटवून कितीतरी वर्षं झाली होती. शब्द बदलायला तरतूद लागत नाही ना.

म्हणून ग्रामपंचायतीच्या 5 टक्क्यांना मी धरून बसायला सांगतो. ‘क्षमता नाही’ ही सबब तिथे चालत नाही, कारण ती टक्केवारी आहे. उत्पन्न असेल तेवढ्याचा हिस्सा.

मागायचं कसं? ‘निधी आहे का हो?’ असं तोंडी विचारूच नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि त्यात तीन गोष्टी मागा: चालू वर्षाच्या अंदाजपत्रकाची प्रत (नमुना 1), मागच्या तीन वर्षांचं स्वउत्पन्न किती, आणि त्यातले दिव्यांगांवर किती, कशावर खर्च झाले. दिलं नाही तर हाच मजकूर माहितीच्या अधिकारात. अर्ज वाचणाऱ्याला लगेच कळतं की समोरच्याला पाणी कुठे मुरतं ते माहीत आहे. मला तरी कळायचं.

वेळही महत्त्वाची. लोक येतात 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाच्या कार्यक्रमाला, किंवा थेट मार्चमध्ये. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक डिसेंबर-जानेवारीत बनतं. त्याआधीच्या ग्रामसभेत बहिणीची गरज नावानिशी मांडा आणि प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, उपचार, जे काही असेल ते. सगळ्यांना पाचशे-पाचशे वाटण्यापेक्षा दर वर्षी चार-पाच जणांना उपयोगाचं काही द्यावं, असा ठराव मी शेवटच्या गावात करून घेतला होता. त्यावरून भांडणंही झाली, पहिला नंबर कुणाचा म्हणून. पण दोघींची मशीनं अजून चालू आहेत.

त्याआधी बहिणीचं नाव ग्रामपंचायतीच्या दिव्यांग नोंदवहीत आहे का, ते बघा. प्रमाणपत्र असणं वेगळं आणि नोंद असणं वेगळं. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) नसेल तर केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. एसटीच्या 75 टक्के सवलतीपासून संजय गांधी योजनेपर्यंत सगळीकडे तेच विचारतात. संजय गांधीचा अर्ज मात्र तहसीलला, ग्रामपंचायतीत नाही. आमच्याकडे निम्मी माणसं त्या एकाच गोष्टीसाठी चुकीच्या दारात उभी असायची.

बहिणीचं दिव्यांगत्व बौद्धिक, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता यांतलं असेल तर 1999चा राष्ट्रीय न्यास कायदाही लागू होतो. त्याखालच्या ‘निरामय’ या आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो आणि त्यात थेरपीही येते. 18 वर्षांनंतर पालकत्वाचा कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून घ्यावा लागतो.

एवढं करूनही ढिम्म हलले नाहीत तर गटविकास अधिकारी, मग जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, आणि शेवटी पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. वकील लागत नाही, साधा अर्ज पोस्टाने पाठवला तरी चालतो. साक्षीला बोलावणं, कागदपत्रं मागवणं याबाबत आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. पण ते देतात ती शिफारस असते. ती अमान्य करायची तर संबंधितांना कारण द्यावं लागतं आणि काय कारवाई केली ते तीन महिन्यांत कळवावं लागतं. आमच्या तालुक्यात एका ग्रामसेवकाला आयुक्तांची नोटीस आली होती. चौथ्या दिवशी त्याने तीन वर्षांचा हिशेब लिहून काढला आणि तो दाखवायला स्वतः अर्जदाराच्या घरी गेला.