बार्शी लाइटचं इंजिन ग्रुपवर धूसर दिसतंय

प्रश्न : दादा, मी सोलापूरचा. घरी बार्शी लाइट रेल्वेचं छोटं मॉडेल करतोय, कुर्डुवाडी स्टेशन, फाटक सगळं आहे. मोबाइलमधे फोटो भारी दिसतात पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले की इंजिनावरचा नंबरच वाचता येत नाही, आणि मेलला पाच फोटो जोडले तर जातच नाहीत. काय करू?

उत्तर : अहो, नॅरोगेज म्हणजे अरुंद रुळांची गाडी म्हणल्यावर आधी मीच फोटो झूम करून बघत बसलो! १८९७ ची लाइन, रुळांत ७६२ मिमी अंतर, ते मॉडेलात छान उतरलंय. आता फोटोचं. मूळ फाइल तशीच ठेवा, कॉपीवर काम करा. आधी क्रॉप म्हणजे नको तो भाग कापणं, मग रिसाइज म्हणजे फोटोचा आकार लहान करणं, कारण तुमच्या फोटोत निम्म्यात मागची सोलापुरी चादरच दिसतीय, छान आहे पण ती कापा म्हणजे इंजिनाला जास्त पिक्सेल, म्हणजे फोटोचे बारीक ठिपके, मिळतात. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० असतो, स्क्रीनवर बघायला लांब बाजू १६०० पिक्सेल केली तरी भरपूर, फाइल हलकी झाली की मेललाही जोडता येते. कॉम्प्युटरवर पेंटमधे रिसाइज उघडा, पिक्सेल निवडा, लांबी-रुंदीचं प्रमाण कायम ठेवायची खूण तेवढी राहू द्या नाहीतर इंजिन पापडासारखं चपटं होतंय. जेपीजीत सेव्ह करा पण एकदाच, तीच फाइल परत परत सेव्ह केली की क्वालिटी घसरत जाते. व्हॉट्सअ‍ॅपला मात्र फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग ते फोटो स्वतःहून दाबून लहान करत नाही.