खानापूरहून आसपासच्या गावांना शेतातून चालत जाण्याच्या जुन्या वाटा अजून आहेत का?

आहेत की. पण आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर स्टँडवर उतरून कुणाला विचारलंत तर "आता कुठल्या वाटा, रिक्षा करा" असंच ऐकायला मिळेल. आमचे दाजी तर छातीठोक सांगतील की अशा वाटा कधी नव्हत्याच. खरं तर त्यांच्यासाठीच हे लिहितोय, ते इथं वाचत असतात.

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून दोन दिवस येणार, डोंगर चढायचा नाही, धबधबे नकोत, बाजाराच्या गावातून शेजारच्या गावाला शिवारातून चालत जायचंय आणि गुगलवर डांबरी रस्त्याखेरीज काही दिसत नाही. दिसणार कसं? त्याला गाडी जाते तो रस्ता कळतो. आमच्याकडच्या वाटा बांधावरनं जातात, पाणंदीतनं म्हणजे शेतांमधल्या जुन्या गाडीवाटेतनं जातात, मध्येच ओढ्यात उतरतात आणि पलीकडे निघतात.

सोपी पाहिजे असेल तर खानापूर ते असोगा. मलप्रभेच्या काठावर रामलिंगेश्वराचं देऊळ आहे, रमतगमत गेलात तरी तासा-सव्वातासात पोचाल. महाशिवरात्रीला तिथं जत्रा असते, तेव्हा वाट विचारावी लागत नाही, माणसांच्या मागनं जायचं. मोठी पाहिजे असेल तर नंदगड गाठा आणि तिथनं हलशी. नंदगडची पेठ जुनी आहे, एके काळी गोव्याकडनं नारळ-मीठ इथं चढायचं आणि इकडचं धान्य खाली उतरायचं. इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला 1831 साली फाशी दिली ते हेच गाव. तिथनं दीड-दोन तासांत हलशी, म्हणजे जुन्या कदंब राजांची पलाशिका. भूवराह नरसिंहाचं देऊळ बघा. बाकी लोक गाडीनं येऊन दहा मिनिटांत फोटो काढून जातात, तुम्ही दमून पायरीवर बसाल तेव्हा ते देऊळ नीट दिसेल.

आता मुद्द्याचं. खानापूर आणि नंदगडच्या मधल्या शिवारात आमचं गाव. आमच्यातनं बाजाराला जायची एक पाणंद आहे, बैलगाडी जाईल एवढी रुंद, आणि ती दाजींच्या भाताच्या शेताला लागून जाते. जाते म्हणजे जायची. 2020 मध्ये कर्नाटकात कायदा बदलला आणि शेतकरी नसलेल्यालाही शेती विकत घ्यायची मोकळीक मिळाली. त्यानंतर या तालुक्यात तारेची कुंपणं पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. दाजींनी नाल्याकडची पट्टी शहरातल्या एका माणसाला विकली आणि विकताना सांगितलं की इथनं वाट नाही. त्यानं पाणंदीसकट सगळं जाळीत घेतलं आणि वर झटक्याची तार ओढली.

मी भांडायला गेलो तर दाजी म्हणाले, "अरे गाडी हाय की दारात, पायानं कशाला मरायला जातोस? आणि वाट कुठाय? उताऱ्यावर दाखव."

आता बघा. याच पाणंदीनं दाजींचं वऱ्हाड आमच्या दारात आलं होतं. डांबरी तेव्हा नव्हती. आदल्या रात्री वळीव पडलेला, ओढ्यात बँडवाल्याचा ढोल भिजला आणि पुढचं सगळं लग्न नुसत्या पिपाणीवर निघालं. अल्बममध्ये फोटो आहे: मुंडावळ्या बांधलेले दाजी, हातात चपला, पोटऱ्यांपर्यंत तांबडा चिखल. मी तो फोटो त्यांच्यासमोर ठेवला. म्हणाले, "हे दुसरीकडचं." लग्न दुसरीकडं झालं का मग? ताई आत स्वयंपाकघरात हसत होती. पुढं कित्येक वर्षं ती त्याच वाटेनं माहेरी यायची, डोक्यावर पाटी घेऊन, पण नवऱ्यासमोर बोलायची नाही.

मग मी गावनकाशा काढला. ही गोष्ट तुमच्याही कामाची आहे, म्हणून सांगतो. महसूल खात्याच्या साइटवर प्रत्येक गावाचा नकाशा फुकट मिळतो. त्यात एकेरी टिंबांची रेघ म्हणजे पायवाट, दुहेरी टिंबांची म्हणजे गाडीवाट. सगळं कन्नडमध्ये असतं, वाचता येत नसेल तर एखाद्या शाळकरी पोराला धरा, आमच्याकडं मराठी शाळेतल्या पोरालाही कन्नड वाचता येतं. आमच्या पाणंदीची दुहेरी टिंबं स्वच्छ दिसत होती. शिवाय उताऱ्यावर 'ब' खराब लावलेला होता. 'ब' खराब म्हणजे रस्ता, वाट, नाला, स्मशान अशा सगळ्यांच्या वापराची जागा, ती कुणाच्या मालकीत धरत नाहीत. दाजी म्हणाले तो नाल्याचा खराब. मी म्हटलं वाटेचा. यावर एका बारशात आणि दोन्हीकडच्या गणपतीत आम्ही भांडलो.

अर्ज केला, हेलपाटे मारले, शेवटी सर्व्हेअर आला. त्यानं साखळी टाकली आणि पाणंद निघाली. अल्बमकडं त्यानं ढुंकूनही बघितलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. जाळी मागं घेतली, पण अर्धीच. वाट उरली ती नाल्याच्या कडेनं माणूस जाईल एवढी, बैलगाडी विसरा, आणि जून ते ऑक्टोबर गुडघाभर पाण्यात. दाजी म्हणतात ते जिंकले. मी म्हणतो वाट आहे ना? मग मी जिंकलो.

त्यांचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही, "चालतंय कोण?" जून 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना एसटी फुकट झाली आणि बाजाराला चालत जाणाऱ्या बायका एका झटक्यात रस्त्यावर जाऊन बसची वाट बघायला लागल्या. त्यांचं बरोबर आहे, डोक्यावर ओझं घेऊन चालण्यात काय गंमत नाही. पण वाट पायाखाली नसली की दोन पावसाळ्यांत घाणेरीची झुडपं माजतात आणि शेजारचा शेतकरी दरवर्षी नांगराची एक रेघ आत सरकतो. त्यात बेळगाव-गोवा हायवे खानापूरपर्यंत चौपदरी झाला, रेल्वेची दुसरी लाइन पडली. समोर दिसणाऱ्या गावाला जायला आता लांबचा वळसा, नाहीतर रस्त्याखालच्या बोगद्यातलं पाणी. शहरातली माणसं चालायला आली तर निदान घाणेरी तरी तुडवली जाईल, म्हणून या म्हणतो.

कधी यायचं? भात कापणी उरकल्यावर, डिसेंबर ते फेब्रुवारी. मोकळं शेत दिसलं म्हणून आडवं घुसू नका, भातानंतर तिथं मसूर किंवा हरभरा पेरलेला असतो. बांधावरनंच चाला. समोरनं बैल आले तर तुम्ही खाली उतरायचं, बैल नाही. काठी घ्या, कुत्र्यांसाठी.

आणि हो, हे आधी सांगायला पाहिजे होतं: मी सांगतोय ते खानापूरजवळच्या उघड्या शिवाराचं. जांबोटी, कणकुंबी, भीमगडच्या बाजूला असं मनानं घुसायचं नाही. ते अभयारण्य आहे, फॉरेस्टची परवानगी लागते आणि अस्वल परवानगी बघत नाही. तिथल्या आमगावसारख्या गावांना पायवाट हौसेची नाही, पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावर घालून आणावं लागतं. तिथं जाऊन "किती छान, रस्ताच नाही" असं म्हणालात तर मार खाल.

आमच्या पाणंदीनं गेलात तर नाला ओलांडल्यावर पहिलं कौलारू घर दाजींचं. ते स्वतःहून हाक मारतील, चहाला बसवतील. बसा, ताईचा चहा चांगला असतो. कुठनं आलात म्हणून विचारतील, तेव्हा "पाणंदीनं" असं जरा मोठ्यानं सांगा, स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जायला पाहिजे. निघताना फाटक लावून घ्या, म्हशी सुटतात.